कोरड्या खोलीतली मोटर : सांवेर रोड, इंदूर इथल्या प्रकल्प नोंदी

८ एप्रिल

पिथमपूरच्या औषध कारखान्यातली ती डीसी मोटर आज परत आली. जानेवारीपासूनची तिसरी खेप. एंड कव्हर उघडलं तर आत चुलीच्या धुराड्यासारखी काजळी. फिरत्या भागाला वीज पोचवणारा कार्बनचा ठोकळा म्हणजे ब्रश, तो नवा ३२ मिलिमीटर लांब असतो, तीन आठवड्यांत १४ उरलाय. आमचा हेल्पर म्हणाला, "भिया, ये कारबन घिस नी री, खा री हे." तक्रार नोंदवायला यापेक्षा चांगलं वाक्य मला सुचलं नाही, म्हणून तेच वहीत उतरवलं.

कम्युटेटर, म्हणजे ब्रश टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा फिरता गोल, बघून मात्र मी थांबलो. नीट चालणाऱ्या मोटरच्या तांब्यावर कॉफीच्या रंगाचा पातळ, एकसारखा थर बसलेला असतो. तांब्याचा ऑक्साइड, त्यात ग्रॅफाइट, त्यात हवेतला ओलावा, असं ते अस्तर. आम्ही रिवाइंडिंगवाले तो रंग बघूनच अर्धं निदान करतो. इथे तांबं लखलखीत. चिंचेने नुकत्याच घासलेल्या कलशासारखं. गिऱ्हाइकाला ते बघून बरं वाटतं, "कसं चकाचक आहे" म्हणतात. मला धडकी भरते.

स्वतःच्या दोन चुकाही इथेच लिहून ठेवतो. जानेवारीत मी ब्रशवाल्याला फोनवर झापलं, माल बदललास म्हणून, आणि अख्खा लॉट परत पाठवला. फेब्रुवारीत स्प्रिंगचा दाब वाढवला. त्याने झीज कमी तर झाली नाहीच, उलट वाढली.

१० एप्रिल

कारखान्यात जाऊन आलो. टोपी, बूट, झगा चढवून आत सोडतात. पाण्यात टाकली की फसफसते त्या गोळीची ही खोली, आमची मोटर इथल्याच कन्व्हेअरवर. गोळीत सायट्रिक आम्ल आणि खायचा सोडा शेजारी शेजारी बसलेले. हवेतला ओलावा मिळाला तर पाकिटात जायच्या आधीच त्यांचं लग्न लागायचं. म्हणून हवा मुद्दाम सुकवलेली. भिंतीवरचा मीटर : २२ अंश, सापेक्ष आर्द्रता १० टक्के. अर्ध्या तासात ओठ तडकले.

परत निघताना कॉरिडॉरमध्ये दुसरा कन्व्हेअर दिसला. तीच मोटर, त्याच कंपनीचे ब्रश, दोन वर्षांत एकदा बदललेत. झाकण काढून दाखवायला लावलं. कॉफी!

दोघींमध्ये फरक फक्त एका भिंतीचा.

१४ एप्रिल

आंबेडकर जयंती. महूकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग, बाजार अर्धा बंद, ऑर्डर काही नाही. दिवसभर बसून जुगाड उभं केलं.

गिअरवाली जुनी मोटर, तिच्यावर तांब्याची चकती. ब्रशमधूनच ८ मिलिमीटर चौकोनी खुंटी कापली, ती चकतीवर ४० मिलिमीटर त्रिज्येवर टेकते. वर एक किलोचं वजन. खुंटीचा दांडा बाजूला ढकलला जातो तो स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्याच्या काढून आणलेल्या लोड सेलवर. (सौ.ना अजून सांगितलेलं नाही.) चकतीचे मिनिटाला २०० फेरे, म्हणजे तासाला साधारण ३ किलोमीटर घासणं. वर हजार ग्रॅम असल्याने हिशोब सोपा : काट्यावर दिसतील तितके ग्रॅम भागिले हजार, हा घर्षणांक. विजेचा प्रवाह सोडलेला नाही. आधी नुसतं घासणं समजू दे.

झीज मोजायला इतका बारीक काटा आपल्याकडे कुठला? सराफ्यात ओळखीचे एक शेठजी आहेत, त्यांच्याकडे खड्यांचा काटा एक मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. दिवसा सोनं मोजतात, रात्री त्यांच्याच ओट्यासमोर भुट्ट्याचा किस मिळतो. जाणं अवघड नाही.

१७ एप्रिल

दुपारी तीन. बाहेर ४० अंश, आर्द्रता १४ टक्के, लू सुटलेली. मनात म्हटलं, कोरडी खोली देवानेच फुकट दिली. कूलर बंद केला, दार उघडं ठेवलं आणि खुंटी सहा तास चालवली.

घर्षणांक ०.१७ च्या आसपास, फारसा हललाच नाही. आवाज नाही. चकतीवर तपकिरी पट्टा उमटायला लागला. सराफ्यात वजन केलं : सहा तासांत २ मिलिग्रॅम घट. शेठजी म्हणाले, "एवढं तर आमचं फुंकरीने उडतं."

म्हणजे ब्रश उत्तम आहे. तिकडे १० टक्क्यांत तीन आठवड्यांत संपतो आणि इकडे १४ टक्क्यांत अंगाला लावून घेत नाही. चार टक्क्यांचा एवढा तमाशा असेल हे पटत नाही.

१८ एप्रिल

काही सुचलं नाही. दोन पंपांचं रिवाइंडिंग केलं.

२० एप्रिल

भाची जेवायला आली होती. विद्यापीठात एम.एस्सी. फिजिक्स करते. वही वाचली आणि आमरसाच्या वाटीवरून मान वर न करता विचारलं, "मामा, १४ टक्के म्हणजे कशाचे १४ टक्के?"

मी गप्प.

मग तिने वहीच्या मागच्या पानावर मांडून दिलं. हवा जितकी गरम तितकी तिच्यात वाफ जास्त मावते. ४० अंशाला एका घनमीटरमध्ये ५१ ग्रॅमच्या आसपास, २२ अंशाला फक्त १९.४. टक्के हे त्या त्या भांड्याचे. हंडा १४ टक्के भरला आणि लोटा १० टक्के भरला, तर पाणी सारखं कसं असेल? माझ्या लूमध्ये ५१ चे १४ टक्के, म्हणजे ७ ग्रॅम पाणी. त्यांच्या गारेगार खोलीत १९.४ चे १० टक्के, म्हणजे १.९. इंदूरच्या वैशाखातल्या रखरखीत दुपारी त्या खोलीच्या पावणेचारपट पाणी हवेत आहे! अंगाला कोरडं लागतं कारण घाम भराभरा उडतो. ब्रशला घाम येत नाही, त्याला पाण्याचे कण मोजून लागतात.

टक्क्यांवर विसंबू नये याला आणखी एक कारण आहे. ब्रश टेकतो ती जागा स्वतःच तापलेली असते. भिंतीवरच्या मीटरचे टक्के तिथे लागूच नाहीत, हवेत वाफ किती तेवढंच खरं.

ती गेल्यावर पुन्हा आकडे करून बघितले. वीस वर्षं मी "हवा कोरडी आहे, ब्रश जपा" हे गिऱ्हाइकांना उन्हाळ्यात सांगत आलोय. चुकीच्या ऋतूत सांगत होतो. डिसेंबर-जानेवारीतल्या गार हवेत भांडंच लहान असतं, तेव्हा सांगायला हवं होतं.

२३ एप्रिल

आजचा दिवस नीट लिहितो.

शेजाऱ्यांकडची माशांची जुनी काचपेटी आणून जुगाडावर पालथी घातली, कडेला पुट्टी लावली. आत दोन किलो सिलिका जेल. आधी ते आमच्या वार्निश वाळवायच्या भट्टीत १२० अंशावर भाजून घेतलं. गुलाबी पडलेले दाणे परत निळे झाले म्हणजे तयार. दोन तास नुसतं ठेवलं. आतलं तापमान ३२. आर्द्रतेचा मीटर १० वर येऊन अडकला, हा स्वस्तातला मीटर त्याखाली दाखवतच नाही. दाणे अजून निळे होते, त्यामुळे खरी आर्द्रता त्याच्याही खाली असणार.

११.२० ला चालू. सुरुवातीला १७०, १७५ ग्रॅम. उघड्या हवेसारखंच. पंधरा मिनिटं, पंचवीस मिनिटं, काही नाही. मला वाटलं हेही गेलं वाया. हेल्परला चहा आणायला पाठवला.

साधारण चाळिसाव्या मिनिटाला आवाज बदलला. आधी तव्यावर उलथनं खरवडल्यासारखा, मग किरर्र. काटा २१०, २८०, आणि मग ४०० च्या वर उड्या मारायला लागला. एका जागी ठरेना. हळूहळू चढत गेलं असं झालं नाही, कडा ओलांडल्यासारखं झालं. चकतीवरचा तपकिरी पट्टा डोळ्यांदेखत निघाला, खालून लाल तांबं. आणि खुंटीच्या बुडातून काळी भुकटी अशी झरायला लागली की खलबत्त्यातून काढतोय असं वाटावं. काचेच्या आतल्या बाजूवर बोट उमटेल इतका थर.

पेटीला एका बाजूला रबरी बुच्चाचं भोक ठेवलं होतं. त्यातून ओल्या कापसाचा बोळा आत सरकवला. चार मिनिटांत किरर्र थांबली. काटा ३००, २४०, १९०. भुकटी बंद.

हेल्पर चहाचे ग्लास धरून उभा होता. म्हणाला, "पानी पी लिया इसने."

बोळा घालताना भोकातून बाहेरची हवाही आत गेलीच, तेव्हा सगळं श्रेय कापसाला देता येत नाही. उद्या बोळा आधीपासून आत डबीत बंद ठेवून पुन्हा करायचं.

वजन : बोळा घालेपर्यंतच्या एका तासात ५८ मिलिग्रॅम. उघड्या हवेत तासाला एक तृतीयांश मिलिग्रॅम होतं. पावणेदोनशे पट.

(२४ ला पुन्हा केलं. डबीचं झाकण दोरीने ओढलं. तसंच झालं, फक्त सावरायला सहा मिनिटं लागली.)

२६ एप्रिल

दोन दिवस वाचन.

आम्हाला डिप्लोमाला शिकवलं होतं की ग्रॅफाइटमध्ये कार्बनच्या चपट्या थरांची चवड असते. थरातले अणू ०.१४२ नॅनोमीटरवर घट्ट, थर मात्र एकमेकांपासून ०.३३५ नॅनोमीटर लांब आणि सैल, म्हणून पत्त्यांच्या कॅटसारखे घसरतात. १९२० च्या दशकात स्फटिकशास्त्रज्ञ ब्रॅग यांनी मांडलेली ही गोष्ट पाठ्यपुस्तकात इतकी पक्की बसली की पुढचं कोणी सांगतच नाही. थर आपोआप घसरत असते तर माझ्या पेटीत का नाही घसरले?

उत्तर विमानांमुळे मिळालं. दुसऱ्या महायुद्धात विमानं फार उंच उडायला लागली आणि त्यांच्या जनरेटरचे कार्बन ब्रश काही तासांत भुकटी होऊन संपायला लागले. तीस हजार फुटांवर थंडी अशी की घनमीटरला दहावा भाग ग्रॅमही पाणी हवेत राहत नाही. जनरल इलेक्ट्रिकमधल्या रॉबर्ट सॅव्हेज यांनी निर्वातात ग्रॅफाइट घासून बघितलं : वाफ काढून घेतली की झीज भडकते, थोडीशी सोडली की लगेच शांत. १९४८ मध्ये त्यांचा लेख छापून आला. म्हणजे माझी माशांची पेटी पाऊणशे वर्षं उशिरा निघाली. वाईट वाटलं नाही, उलट आकडे त्याच दिशेने निघाले म्हणून बरं वाटलं.

थर फाटतो तिथे कडेच्या कार्बनचे हात मोकळे राहतात. पाण्याचे कण येऊन ते हात धरतात, मग कडा समोरच्या पृष्ठभागाला चिकटत नाहीत. पाणी नसेल तर कडा कडेला धरते, ओढते, मोडते, मोडल्यावर नव्या कडा, त्यांना पुन्हा पाणी नाही. भुकटीचा आवेग त्यातून येतो. चाळीस मिनिटं जे शांत गेलं, तेव्हा खुंटीत आधीचं मुरलेलं पाणी खर्च होत असावं असा माझा अंदाज आहे. अंदाजच.

२ मे

ब्रशवाल्यांच्या जुन्या युक्त्यांमध्ये उंचावरच्या ब्रशात मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळण्याची एक सापडली. बाजारात 'मोली पावडर' म्हणून मिळते. दिसायला ग्रॅफाइटच, बोटावर घासली तर दोन्हीचा डाग सारखा. माणसाने हजारो वर्षं दोघांना एकच समजलं, आणि दोघांनाही शिशात धरलं. मॉलिब्डेनम हे नाव शिशावरून आलंय आणि आपण अजून पेन्सिलीतल्या कार्बनला शिसं म्हणतो. १७७८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी ही दोन वेगळी खनिजं आहेत हे दाखवलं.

स्टीलच्या चकतीवर सुती फडक्याने मोली घोटून चकचकीत केली, खुंटीही स्टीलची. दुपारी ०.०८. छान. चार वाजता उकाडा असह्य झाला म्हणून कूलर लावला. काटा ९०, १०५, १३०. वजन हललं का, पट्टा सरकला का, सगळं तपासलं. कूलर बंद केला, दार उघडलं, अर्ध्या तासात ८५. लावला, पुन्हा १२५.

वाळ्याच्या ताट्यांचा थंडावा मोलीला सोसत नाही!

तिचे थर गंधक, मॉलिब्डेनम, गंधक असे सँडविच असतात. गंधकाला गंधक भिडतं तिथे बंध मुळातच सैल, बाहेरच्या वाफेची गरज नाही. उलट वाफ आली की घसरण अडते आणि कडा ऑक्साइड होऊन खरखरीत होतात. निर्वातात हीच मोली ०.०२ पर्यंत उतरते. इंदूरच्या आपल्या कॅटमध्ये (म्हणजे आताचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र), इंडस-२ या यंत्राच्या कड्यात इलेक्ट्रॉन फिरतात ती पोकळी अशी असते की तेल किंवा ग्रीस तिथे चालत नाही, वाफ सुटते. अशा जागी मोलीचं राज्य.

५ मे

मोलीबद्दल वाचताना गॅलिलिओ यानाची हकीकत सापडली, ती लिहून ठेवायलाच हवी. ऑक्टोबर १९८९ मध्ये गुरूकडे निघालं. एप्रिल १९९१ मध्ये छत्रीसारखा मोठा अँटेना उघडायला गेले तर १८ पैकी काही काड्या अडकल्या. पिना मोलीने माखलेल्या होत्या, निर्वातासाठी तेच बरोबर. पण चॅलेंजर या अवकाशयानाच्या अपघातामुळे उड्डाण लांबलं, आणि मधल्या काळात यानाची कॅलिफोर्निया ते फ्लोरिडा अशी ट्रकमधून ये-जा झाली. रस्त्याच्या धक्क्यांनी, साध्या हवेत, पिना जागच्या जागी घासत राहिल्या आणि लेप तिथेच गेला. वर पोचलं तेव्हा उघडं धातूवर धातू. छोट्या अँटेनावरून मंद गतीने माहिती पाठवून त्यांनी मोहीम निभावली.

आमच्याकडेही नवी मोटर टेम्पोतून उभी आणावी की आडवी यावर वाद होतो. यापुढे मी जास्त गंभीरपणे भांडणार.

९ मे

कारखान्याच्या मेंटेनन्स साहेबांना आकडे दाखवले. पहिलं वाक्य मी चुकीचं बोललो : "खोलीत ओलावा थोडा वाढवता येईल का?" त्यांनी नुसतं बघितलं. गोळी फुगली तर अख्खी बॅच फेकावी लागते, ब्रश त्यापुढे चिल्लर.

मग उरले तीन रस्ते. मोटरच्या थंडाव्याची हवा पाइपाने कॉरिडॉरमधून आणून तिकडेच सोडायची. पण काजळीचा पाइप औषधाच्या खोलीतून न्यायला त्यांचा क्वालिटी विभाग मान्यता देणार नाही. दुसरा, कोरड्या हवेसाठी मुरवलेले ब्रश. तिसरा, डीसी मोटर काढून एसी मोटर आणि ड्राइव्ह, म्हणजे ब्रशच नको. तिसरं उत्तर सगळ्यात बरोबर आहे आणि त्यात माझं नुकसान आहे. सांगून टाकलं. साहेब म्हणाले, मंजुरीला दोन महिने, तोवर दुसरं करा.

संध्याकाळी ब्रशवाल्याला फोन. जानेवारीत परत पाठवलेला लॉट निर्दोष होता हे सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "दादा, हे मला लिहून द्या."

लिहून दिलं.

२८ मे

त्याने मुरवलेले चार ब्रश पाठवले. युद्धाच्या काळात बेरियम फ्लोराइडसारखे क्षार मुरवत. याच्यात काय आहे ते सांगत नाही. लोणच्याचा मसाला कोण सांगतं?

पेटीत, ताजं भाजलेलं जेल, तीन तास : घर्षणांक ०.२० ते ०.२२, किरर्र नाही. घट १३ मिलिग्रॅम, म्हणजे तासाला चारच्या वर. उघड्या हवेतल्या साध्या ब्रशपेक्षा तेरापट वाईट, पेटीतल्या साध्या ब्रशपेक्षा तेरापट चांगलं. दोन महिने निघतील. स्प्रिंग मूळ दाबावर आणली. प्रवाह सोडून चाचणी अजून झालेली नाही, हे बिलावरही लिहिलं.

२७ जून

पाऊस लागला. २६ अंश, ८८ टक्के : २१ ग्रॅम. मोलीची चकती पुन्हा चालवली. ०.१८, आणि मे महिन्यात टिकलेला लेप तीन तासांत चट्ट्याचट्ट्यांनी उडाला. ग्रॅफाइटची खुंटी ०.१६, मजेत.

सौ.ला वजनकाट्याचं कळलं. नवा घेऊन दिला.

१२ जुलै

कारखान्यात एसी मोटर बसली. मुरवलेले ब्रश सहा आठवडे चालले, बाराएक मिलिमीटर गेले होते. जुनी डीसी मोटर त्यांनी भंगाराच्या भावात मलाच दिली.

लेथवर कम्युटेटर हलका मारला, पट्ट्यांमधला मायका कापला, आणि जानेवारीत बदनाम झालेल्या त्याच लॉटमधले साधे ब्रश बसवले. ब्रशवाल्याने चार जपून ठेवले होते. गेले पाच दिवस मोटर इथे सांवेर रोडच्या पत्र्याखाली, पावसाच्या हवेत, एका जुन्या पंपाच्या लोडवर चालू आहे. आज झाकण उघडून टॉर्च मारला. कडेच्या दोन पट्ट्यांवर अजून लाली आहे. मधल्या सगळ्यांवर कॉफी चढलीय.